मोती आणि बेडूक

परवा रात्री आमच्या चार किलोच्या मोतीने अंगणातला खडबडीत पाठीचा बेडूक तोंडात धरला आणि लगेच टाकला. बेडूक कुंडीमागे सटकला, मोतीच्या तोंडाला फेस! या बेडकाच्या डोळ्यांमागच्या गाठींतून विष पाझरतं. सुनेने त्याचं तोंड खाली धरून, पाणी घशात जाऊ न देता बाजूने धुतलं, हिरड्या ओल्या फडक्याने पुसल्या, मग जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. वाचला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “मीठ टाका, बेडूक मरतील.” अहो, पंचेंद्रिय जीव तो! राजगृहीत फूल घेऊन महावीरांच्या दर्शनाला निघालेला, हत्तीच्या पायाखाली सापडून देव झालेला बेडूक विसरायचा?

चातुर्मासात आपली जेवणं दिवसाउजेडी होतात, तसं मोतीचं फिरणंही आता तेव्हाच. अंधारात साखळी. कुरकुरतो, कुरकुरू दे.