पाने कुठे मांडायची?

प्रवासाला निघालेली माणसे कोणत्या प्रश्नावरून सर्वांत जास्त भांडतात, याचे मी पुष्कळ वर्षे निरीक्षण करीत आले आहे. मुक्काम कुठे करायचा यावर फारसे कोणी अडून बसत नाही; दिवा मालवला की सगळ्या खोल्या सारख्याच. काय पाहायचे यावरही तडजोड होते. पण जेवायचे कुठे, हा प्रश्न निघाला की एरवीची गरीब माणसेही पदर खोचून उभी राहतात. घरी पुढ्यात येईल ते मुकाट्याने खाणारे गृहस्थ परगावी गेले की एकाएकी अन्नब्रह्माचे उपासक होतात, आणि ‘मला काहीही चालेल’ असे म्हणणाऱ्या बायकांना नेमके समोरचे तेवढे चालत नाही!

आम्ही नाशिकचे, म्हणजे पाहुण्यांच्या बाबतीत पिढीजात अनुभवी. पूर्वी पाहुणा आला की त्याचा कार्यक्रम ठरलेला असे. रामकुंड, काळाराम, त्र्यंबकेश्वर, सवड असली तर वणीची देवी, आणि परतताना कोंडाजीचा चिवडा. जेवण घरीच. पाहुण्याने बाहेर जेवणे म्हणजे यजमानिणीच्या तोंडावर तिच्या स्वयंपाकाची निंदा करणे, अशी माझ्या सासूबाईंची समजूत होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

गेल्या वीसपंचवीस वर्षांत मात्र पाहुण्यांची एक नवीच जात उदयाला आली आहे. ही मंडळी रामकुंडाचा रस्ता विचारीत नाहीत. गंगापूर धरणाचा विचारतात. १९९० नंतरच्या दशकात राजीव सामंत नावाचे एक तरुण अमेरिकेतून शिकून परत आले आणि त्यांनी तिथल्या माळावर सोव्हिनियाँ ब्लाँ व शेनिन ब्लाँ अशा आमच्या जिभेला न वळणाऱ्या नावांची द्राक्षे लावली. २००० साली ‘सुला’ची पहिली वाईन बाजारात आली. मग हळूहळू गंगापूरच्या बाजूला, दिंडोरीकडे, इगतपुरीच्या डोंगरांत वाईनऱ्या उभ्या राहिल्या, त्यांच्या जोडीला सज्जे आले, सज्जांवर टेबले आली, आणि माझ्यासारख्या मास्तरणीच्या घरी दर हिवाळ्याला फोन येऊ लागला, “वहिनी, आम्ही येतोय. जेवायला कुठं जायचं ते तुम्ही ठरवून ठेवा.”

हे ठरवणे दिसते तितके सोपे नाही. वाईनरीतल्या टेबलाचे खरे मोल ताटात नसते, समोरच्या देखाव्यात असते. धरणाच्या पाण्यावर ऊन उतरत असते, द्राक्षांच्या ओळी टेकडीवरून खाली धावत असतात, आणि अशा वेळी पिझ्झा थोडा करपला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. पण शनिवार-रविवारी संध्याकाळी तोच देखावा माणसांच्या डोक्यांपलीकडून पाहावा लागतो. म्हणून माझा पाहुण्यांना सल्ला असा असतो की, जायचे तर मधल्या वारी जा, निदान दुपारी बाराला जा. आणि जानेवारी ते मार्च या महिन्यांत जा. युरोपात द्राक्षे भाद्रपद-आश्विनात खुडतात. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, आणि तोडणी थंडीच्या अखेरीला. त्या दिवसांत गेले तर निदान आपण कशाच्या शेजारी बसून जेवतो आहोत ते डोळ्यांना दिसते.

सकाळचे खाणे मात्र मी कोणाला वाईनरीत करू देत नाही. त्यासाठी मळ्यातली मिसळ आहे. चुलीवर रटरटणारा काळ्या मसाल्याचा रस्सा, बाजूला दही, पापड आणि शेवटी जिलबी. समोर बाजेवर कोणाचे तरी आजोबा बसलेले. या मिसळीबरोबर कोणती वाईन जाते, असे एका पाहुण्याने मला मोठ्या गंभीरपणे विचारले होते. मी म्हटले, “ताक.” (नंतर जाणकारांकडून कळले की, तिखटाला जराशी गोडसर पांढरी वाईन सोसते. मी स्वतः त्या विषयात दोन घोटांपलीकडे गेलेली नाही, तेव्हा मत देणे बरे नव्हे.)

२०२४ सालच्या जानेवारीत माझ्या नणंदेचे कुटुंब पुण्याहून आले. प्रजासत्ताक दिन शुक्रवारी आलेला, त्यामुळे तीन दिवसांची सलग सुट्टी. वन्सं, भाऊजी आणि नुकताच नोकरीला लागलेला भाचा. भाच्याने सगळा बेत कागदावर उतरवून आणला होता; पण २६ जानेवारीला राज्यात दारूबंदीचा दिवस असतो, वाईनरीत त्या दिवशी थेंबही ओतत नाहीत, ही गोष्ट त्याच्या कागदावर नव्हती. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शाळेतले झेंडावंदन आटोपून, मुलांना लाडू वाटून मी घरी आले आणि जाहीर केले, “आज आपण माझ्या मामांकडे जेवायला जायचं.”

माझे मामा निफाड तालुक्यातले द्राक्षबागाईतदार. वय पंचाहत्तरीच्या घरात, गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर टोपी. मामींनी बाजरीच्या भाकरी, मठाची उसळ, वांग्याचे भरीत, ठेचा आणि वर लोणकढे तूप असा बेत केला होता. भाऊजी चार भाकरी जेवले. जेवता जेवता मामांनी विचारले, “उद्या कुठं जेवणार पाव्हणे?”

भाचा जरा अडखळत म्हणाला, “वाईनरीत.”

मी मनातून चपापले. त्याचे कारण सांगायचे तर जरा मागे जायला हवे. २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण काढले, विंचूरला वाईन पार्क आले, आणि वाईनची द्राक्षे लावा म्हणून गावोगाव सांगणारी माणसे फिरू लागली. मामांनी २००५ साली थॉमसनची दोन एकर बाग मोडली आणि शेनिन लावली. एका वाईनरीशी करार झाला. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. पहिली दोन वर्षे बरी गेली. पुढे २००८ साली जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाईनरीच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. पुढच्या तोडणीला गाडी आलीच नाही. खाण्याच्या द्राक्षाला बाजार असतो. या द्राक्षाला नसतो. मणी बारीक, साल जाड, आत बिया. हातगाडीवर कोण घेणार? घड वेलीवरच सुकले. २०१० च्या पावसाळ्यापूर्वी मामांनी बाग उपटली. मामी सांगत की, त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यानंतर पुन्हा थॉमसन लावली, कर्ज फिटले, माल परदेशी गेला. पण ‘शेनिन’ हा शब्द त्या घरात कोणी उच्चारला नाही.

आणि आता मामा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, “मला नेता का?”

मामी चमकून म्हणाल्या, “अहो, गळ्यात माळ आहे ना?”

“जेवायला जायचंय. प्यायला नाही.”

रात्रभर मी जागा ठरवीत होते. पाण्याचा देखावा, पदार्थांची यादी, दर, या सगळ्यांचा विचार मागे पडला होता. मामांना कोणी तुच्छतेने पाहील का, त्यांच्या धोतराकडे वेटर वरपासून खालपर्यंत नजर टाकील का, शेजारच्या टेबलावर काय मांडलेले असेल, एवढाच हिशेब मी करीत होते. एक मन म्हणे, एखाद्या साध्या खानावळीत न्यावे, थाळी मागवावी, म्हणजे कोणाचीच पंचाईत नाही. पण मामांनी खानावळीत न्या असे म्हटले नव्हते. पन्नास वर्षे द्राक्षे पिकवणाऱ्या माणसाने, आपल्या मालाचे पुढे काय होते ते ज्या टेबलावर दिसते, ते टेबल एकदा पाहायचे म्हटले होते. मग मी एक वाईनरी निवडली. तिच्या सज्जापुढे बाग अगदी हाताच्या अंतरावर होती आणि डाळ-रोटी मिळत होती. भाऊजींना मी काही सांगितले नाही. पण त्यांनी आपण होऊन त्या दिवशी कबाबाचे नाव काढले नाही. वर्षानुवर्षे त्यांच्याविषयी माझे जे मत होते, ते त्या दिवशी बरेच सुधारले.

शनिवारी बाराच्या आत आम्ही जाऊन बसलो. वेटर दिंडोरीकडचा निघाला. त्याने मामांना पाहताच “या बाबा” म्हणून खुर्ची ओढून दिली. मी निम्मी चिंता तिथेच सोडली. मामांनी मेनूकार्ड उलटसुलट करून भाच्याकडे दिले. पिझ्झा आला तेव्हा त्यांनी तो दुरूनच न्याहाळला आणि “तव्यावर उलटायचा राहिला वाटतं” एवढेच म्हणाले.

भाऊजींच्या पुढे पांढऱ्या वाईनचा पेला आला. मामांनी विचारले, “कोणती ही?”

वेटर म्हणाला, “शेनिन, बाबा.”

वन्सं नेमक्या तेव्हाच काही बोलणार होत्या. मी टेबलाखालून त्यांचा हात दाबला. मामांनी पेला उचलला. उजेडाकडे धरला. मग नाकाशी नेला आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच धरून ठेवला.

“पेरूचा वास येतो,” ते म्हणाले. “तोडणीला आपल्या बागेतसुद्धा असाच सुटायचा.” आणि पेला भाऊजींच्या पुढे सरकवीत, “घ्या पाव्हणे, गरम होईल.”

डाळ-रोटी आली तेव्हा मामांची खुर्ची रिकामी होती. सज्जाखालच्या ओळीत तोडणी चालली होती. मामा तिथे उतरले होते आणि एक पान उलटे करून भुरी पडली आहे का ते पाहत होते. भोवती तोडणीची चारपाच माणसे गोळा झाली होती. छाटणी कोणत्या तारखेची, गोडी किती भरली, यंदा भाव काय फुटला, अशा त्यांच्या गप्पा वरपर्यंत ऐकू येत होत्या. भाचा दोनदा बोलावून आला. तिसऱ्यांदा वेटरनेच ताट उचलले आणि खाली नेऊन दिले. मामांनी एक क्रेट पालथे घातले, त्यावर ताट ठेवले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तोडणीवाल्या बायांनी आपली फडकी सोडली. मामांनी त्यांच्यापुढे अर्धी रोटी केली आणि त्यांच्याकडून भाकरीचा तुकडा आणि लसणाची चटणी घेतली.

भाचा थोडा वेळ कठड्याशी उभा राहून पाहत होता. मग आपली थाळी घेऊन तोही पायऱ्या उतरू लागला, आणि वन्संनी मागून हाक मारली, “अरे, चटणी मलाही थोडी आण!”