कागदांचं कपाट आणि सासूबाईंची वही



आमच्या घरात एक कपाट आहे, त्याला नातवंडं 'आजीचं दुकान' म्हणतात. त्यात साड्या नाहीत, कागद आहेत. कार्डशीट, हातकागद, क्विलिंगच्या पट्ट्या, घोटीव कागद, क्रेप, जुन्या लग्नपत्रिका, पाकिटं. पाठशाळेच्या मुलांसाठी चोवीस लांछनांचे पत्ते करायचे, सोळा स्वप्नांचा तक्ता करायचा, क्षमावाणीला घरोघरी द्यायची कार्डं करायची, नातीच्या वाढदिवसाचं चिकटवहीसारखं पुस्तक करायचं. निमित्त कुठलंही असो, सामान वाढतच जातं. खारकोपरहून लोकल धरायची, नेरुळला बदलून मस्जिदला उतरायचं आणि अब्दुल रहमान स्ट्रीटवर दोन तास हरवायचं, हा माझा वर्षातून दोनदाचा ठरलेला परिग्रह. हो, परिग्रहच. दुसरा शब्द सापडत नाही.

या वर्षी श्रुतपंचमीच्या आधी ते कपाट पूर्ण रिकामं केलं. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण जिनवाणी बाहेर काढतो, पुसतो, सावलीत हवेशीर ठेवतो, नवं वेष्टन घालतो. लहानपणी मला वाटायचं, हा फक्त सण. उलव्याला आल्यावर कळलं की तिथी किती विचार करून आली आहे. पाऊस तोंडावर असतो आणि हवा अजून कोरडी असते. त्यानंतर चार महिने उघडलेलं काहीही ओल धरणारच. आमच्या खिडकीतून खाडीकडचा वारा येतो, आणि जुलैत बाहेरच्या भिंतीला हात लावला तर गार ओलसर लागतो. सांगलीत असं नव्हतं. तिथे पापड आणि कागद दोन्ही निमूटपणे वाळायचे.

मी सांगलीच्या चिंतामणराव कॉमर्स कॉलेजची बी.कॉम. नोकरी कधी केली नाही, पण हिशेबाची खोड गेली नाही. म्हणून कपाट नुसतं आवरलं नाही, 'स्टॉक टेकिंग' केलं. भाजीच्या काट्यावर गठ्ठे मोजले. तेवीस किलो भरले! आपला साधा ए-फोरचा ७५ जीएसएमचा रीम, पाचशे कागदांचा, साधारण २.३ किलोचा असतो. म्हणजे मी दहा रीम, पाच हजार कागद, सांभाळत बसले होते. त्यातले निम्मे तीन वर्षांत हातही न लागलेले. सूनबाई काही बोलली नाही, फक्त काट्याकडे बघून हसली. ते जास्त लागलं.

सर्वांत खालच्या खणात, कार्डशीटच्या गठ्ठ्याखाली, सासूबाईंची वही होती.

तिच्याबद्दल आधी सांगायला हवं. सासूबाईंनी हातानं लिहिलेल्या पूजा, व्रतकथा, आरत्या, मध्येच भाद्रपदातल्या एकाशनाच्या दिवशी काय करायचं याची यादी, मध्येच दळणाचा हिशेब. शाईच्या पेनानं लिहिलेली. त्या गेल्यावर वन्संनी ती वही मागितली होती. मी म्हणाले, "वन्सं, माझ्याकडे नीट राहील. मला कागद सांभाळायची सवय आहे." त्या पुढे काही बोलल्या नाहीत. घरात मोठी सून मी, आणि वही माझ्या हातात. दोन वर्षांपूर्वी भर आषाढात, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, मी ती जाड प्लास्टिकच्या चेनच्या पिशवीत घातली, हवा दाबून काढली आणि खाली ठेवून दिली. किती शहाणपणा केला असं वाटलं होतं.

पिशवी उघडली तेव्हा वास आधी आला. पहिली वीसेक पानं एकमेकांना चिकटली होती, कडांना काळपट-हिरवी बुरशी, शाई पसरून जांभळे ढग झालेले. आणि शिवणीपाशी कसर. जिवंत. चंदेरी, पळणारी.

मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाजारात फवारे मिळतात, डांबराच्या गोळ्या मिळतात, शेजारणीनं लगेच सुचवल्याही. पण ती वही व्रतांची आहे. तिच्यात औषध मारून जीव मारायचे? आणि बुरशी पुसायची म्हटलं तर तीही अनंत जीवांचीच. मी किती तरी वेळ नुसती बसून राहिले. शेवटी वही पांढऱ्या सुती कापडावर बाल्कनीच्या सावलीत अलगद उघडी ठेवली, पंखा लावला नाही, हात लावला नाही. कसर उजेडापासून आपली आपण निघून गेली, जेवढी गेली तेवढी. चिकटलेली पानं ओढली नाहीत. आठवड्यात जी सुटायची ती सुटली. बाकीची एकमेकांत तशीच आहेत.

चूक माझीच, आणि ती नेमकी कुठे झाली हे आता कळतं. कागद स्वतःच ओल शोषून धरतो. पावसात तो आधीच ओला असतो, बोटांना जाणवत नाही एवढंच. अशा वेळी तो हवाबंद केला की ती ओल बाहेर जायला वाट राहत नाही. आतच बुरशी, आतच कसर. हवाबंद करायचंच असेल तर माघ-फाल्गुनात, कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात नव्हे. आपल्याकडे पोथीला कापडाचं वेष्टन घालतात, प्लास्टिकचं नाही, त्याला कारण आहे. आमच्या माहेरी वेष्टनात वेखंडाची पूडही ठेवत. जीव मारायला नाही, त्यांनी येऊच नये म्हणून. यत्नाचार म्हणतात तो हाच. जीव उत्पन्न झाल्यावर दया दाखवायला फार उशीर झालेला असतो.

त्या आठवड्यात शांतिसागर महाराजांची आठवण सारखी येत होती. मूडबिद्रीतल्या ताडपत्रांना कीड लागून सिद्धान्तग्रंथांचा काही भाग गेला हे ऐकून महाराज व्याकूळ झाले आणि त्यांनी ते ग्रंथ ताम्रपटांवर कोरवून घेतले, ही हकीकत आपल्याकडे घरोघरी सांगतात. ते ताम्रपट फलटणला आहेत. इकडे अमरावतीला डॉ. हिरालाल जैन यांनी षट्खंडागम धवला टीकेसह १९३९ पासून छापायला घेतलं, सोळा खंड पुरे व्हायला १९५९ उजाडलं. एकानं तांब्यावर घेतलं, दुसऱ्यानं छापून घरोघर पोचवलं. मी मात्र कुलूप लावून ठेवलं.

असो. कपाट आता कसं लावलं आहे ते सांगते, बऱ्याच जणींनी विचारलं होतं. कपाट बाहेरच्या भिंतीवरून हलवून आतल्या भिंतीला घेतलं, चार बोटं जागा सोडून. जाड कार्डशीट आडवी, सपाट; उभी ठेवली की पावसात वाकतात आणि परत सरळ होत नाहीत. पातळ कागद साड्यांच्या रिकाम्या खोक्यांत. मिठाईचे डबे दिसायला सुंदर, पण तुपाचा वास कधी जात नाही, मुंग्या येतात, आणि मग पुन्हा तोच प्रश्न. बारा इंची चौकोनी कागद आपल्या ए-फोर फायलीत मावत नाहीत, बाहेर राहून कड दुमडते. ते घ्यायचेच बंद केले. आधी जाडीप्रमाणे लावायचं, मग रंगाप्रमाणे. रंगाप्रमाणे लावलेलं कपाट फोटोत छान दिसतं, कामाला येत नाही. वर्तमानपत्राची कात्रणं चांगल्या कागदाला चिकटून ठेवू नका, ती पिवळी पडतात आणि शेजाऱ्यालाही पिवळं करतात. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत. निळ्याच्या गुलाबी झाल्या की ओल भरली असं समजायचं.

हस्तकलेच्या सामानात आपल्याला आणखी एक चाळणी लावावी लागते. रेशमी फिती नाहीत, पिसं नाहीत, शिंपले नाहीत. सरसही नाही, तो जनावरांपासून करतात. पांढरा सिंथेटिक गोंद बरा. मैद्याची खळ अहिंसक खरी, पण कसरीला तेच जेवण.

लग्नपत्रिकांचं मात्र अजून सुटलेलं नाही. ज्यांवर तीर्थंकरांची प्रतिमा छापलेली असते त्यांवर माझी कात्री चालत नाही. टाकवत नाही, पाण्यात सोडवत नाही. आठ वर्षांच्या पत्रिका एका पेटीत बसल्या आहेत. मुलाबाळांची लग्नं काढणाऱ्यांना हात जोडून विनंती, नुसतं स्वस्तिक छापा.

परिमाण ठरवलं आहे: दोन खोकी कार्डशीट, एक पातळ कागदांचं, एक लहान तुकड्यांचं. तळहाताहून लहान तुकडा ठेवायचा नाही. नवीन एक रीम आला तर जुना एक जाईल. चौदा किलो कागद पाठशाळेला आणि जवळच्या बालवाडीला दिला. आवक-जावक वहीत लिहिते, जुनी सवय.

वन्संना फोन करायला मला पाच दिवस लागले. रोज हातात फोन घ्यायचे आणि 'त्या सामायिकाला बसल्या असतील' असं स्वतःला सांगून ठेवून द्यायचे. शेवटी सगळं सांगितलं, पिशवीपासून. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "कुठली कथा गेली?"

"रत्नत्रयाची. आणि पुढची दोन."

"रत्नत्रयाची मला येते. आई दळताना म्हणायची." पुन्हा थांबल्या. "पुढच्या दोन नाही येत."

मी क्षमा मागितली. त्या 'असू दे' म्हणाल्या नाहीत. मला ते बरं वाटलं, खरं सांगते.

पुढच्या आठवड्यात सांगलीला निघाले आहे. वही सुती कापडात बांधली आहे, ती आता वन्संकडेच राहील. त्या कथा सांगणार आणि मी लिहून घेणार, असं ठरलं आहे. काल रात्री परत त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "येताना कोरी वही आण, तुझ्याकडे कागद रग्गड आहेत. आणि बॉलपेननं लिहायचं, शाईनं नको."