मूळ गाव सांगा

नाशिकला रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर तीर्थविधी चालवणाऱ्या उपाध्यायांच्या घरी यजमानांच्या नामावळी असतात. कापडी बासनात बांधलेले हे चोपडे पिढ्यान्‌पिढ्या राखलेले असतात, आणि घरात वाटण्या होतात तेव्हा शेतासारखे तेही भावाभावांत वाटले जातात. कोण, कुठला, कुणाचा कोण, याची इतकी दाट नोंद महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी सापडेल. मात्र नामावळ म्हणजे तयार वंशवृक्ष, असे समजून जाणारा हमखास फसतो. नामावळीत वंश नसतो, भेटी असतात. अमुक तिथीला अमुक माणूस गोदावरीवर आला, त्याने आपली आणि घरच्यांची नावे सांगितली, ती लिहिली गेली. पुढची भेट चाळीस वर्षांनी झाली, तर मधल्या काळात जन्मून वारलेल्या पोराचे नाव तिथे येतच नाही. वंशावळ वाचणाऱ्याने भेटीला भेट जोडून उभी करायची असते, आणि सारे कसब या जोडकामात आहे.

नावे लिहून ठेवण्याची गरज मुळात विधीची. श्राद्धाच्या संकल्पात बाप, आजा, पणजा; आई, आजी, पणजी; शिवाय आईचे वडील, आजोबा, पणजोबा यांचा नाव-गोत्रासह उच्चार लागतो. तीर्थश्राद्धात तर चुलते, मामा, आत्या, मावश्या, सासरे अशा गेलेल्या साऱ्यांची आठवण निघते. इतकी नावे तोंडपाठ असणारा माणूस पूर्वीही विरळाच असणार. अस्थी घेऊन आलेल्याला सांगायला नाव आठवेना, की उपाध्ये चोपडा उघडत. नामावळीतल्या एका लेखाची खोली बहुधा तीन पिढ्यांची का असते, याचे उत्तर असे थेट श्राद्धाच्या पद्धतीत सापडते.

दुसरी गरज पोटाची. यजमानाच्या हातचा लेख म्हणजे उपाध्यायाच्या हक्काचा कागद. लेखाच्या शेवटी, आमच्या वंशातला जो कोणी येईल त्याने यांनाच मानावे, अशा अर्थाचे वाक्य असते ते उगीच नव्हे. यजमान पळवण्याचे तंटे जुने आहेत. वंशपरंपरेचे उपाध्येपण हिंदू कायद्यात स्थावर मिळकतीसारखे धरले गेले, आणि त्यावरचे दावे एकोणिसाव्या शतकात मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचले. लेख वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे, कारण लिहून घेणाऱ्याला यजमान आपला ठरवायचा होता. नाव, गाव, जात, कूळ या बाबतीत तो काटेकोर असे, कारण चूक झाली तर नुकसान त्याचेच. वय, जन्मतिथी, धंदा यांच्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते, म्हणून या गोष्टी तिथे शोधू नयेत.

शोधाची सुरुवात घाटावरच्या एका प्रश्नाने होते. नवखा माणूस आडनाव सांगतो, आणि समोरून विचारणा येते: “मूळ गाव सांगा. आत्ता राहता ते नको.” चोपड्यांची मांडणी गाव, परगणा, जात यांवर असते, आडनाव त्यानंतर. कुलकर्णी, पाटील, देशपांडे, जोशी ही तर कामावरून पडलेली नावे. शेजारशेजारच्या दोन गावांतल्या कुलकर्ण्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. शेतकरी घराण्यांच्या जुन्या कागदांत आडनाव कित्येकदा नसतेच. बापाच्या नावाआधी ‘बिन’ लावून माणूस ओळखला जातो आणि पुढे फार तर ‘पाटील मौजे अमुक’ येते. आडनावे पक्की झाली ती शाळेच्या दाखल्यांनी आणि नोकरीच्या कागदांनी.

गाव ठाऊक असले तरी काम संपत नाही. नाशिकच्या आसपासच पिंपळगाव बसवंत आहे, पिंपळगाव बहुला आहे, पिंपळगाव खांब आहे. नुसते ‘पिंपळगाव’ सांगून आलेल्याला परगणा विचारला जातो, आणि तो नेमका तिथे गडबडतो, कारण त्याला तालुका माहीत असतो, परगणा नव्हे. नाशिक जिल्हाच मुळी १८६९ चा. त्याआधीच्या कागदात आजच्या जिल्ह्याचे उत्तरेकडचे तालुके खानदेशात सापडतात आणि दक्षिणेकडचे अहमदनगरात. म्हणून चोपड्याकडे जाण्याआधी घरातली माणसे विचारून घ्यावीत: कुलदैवत कोणते, जत्रेला कुठे जात, शेत कुठे होते, आजीचे माहेर कुठले. म्हाताऱ्या आत्याला यातले बरेच ठाऊक असते, आणि तिला सहसा कुणी विचारलेले नसते.

जुने लेख मोडीत असतात. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिला लटकवून अक्षरे एका दमात लिहीत जातात. शब्दांत जागा नसते, विरामचिन्ह नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. नावांच्या सलग रांगेत एक नाव कुठे संपते हे ‘बिन’ शब्दावरून कळते. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. हे दोन शब्द नजरेत बसले की अर्धी ओळ सुटते. मोडी शाळांतून विसाव्या शतकाच्या मध्यास गेली, त्यामुळे आजच्या उपाध्यायांपैकीही अनेकांना स्वतःच्या पणजोबांचे लेख सरसर वाचता येत नाहीत. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. चार महिने रोज तासभर घातला तर नावे वाचण्यापुरती मोडी येते. पत्रव्यवहाराची मोडी ही वेगळी तपश्चर्या.

कालगणनेचा भाग सर्वांत रुक्ष, पण सर्वांत भरवशाचा. तीर्थावरचा लेख शकात असतो आणि सोबत संवत्सराचे नाव असते. समजा पान कुरतडले आहे आणि ‘शके १७–२ विक्रम नाम संवत्सरे’ एवढेच उरले आहे. शकात बारा मिळवून साठाने भागले की बाकीवरून संवत्सराचा क्रमांक मिळतो, आणि विक्रम हे चौदावे. सतराशेच्या शतकात शेवटी दोन असलेला आणि बाकी चौदा देणारा शक एकच आहे, १७४२. म्हणजे इसवी सन १८२०–२१. गळालेला आकडा संवत्सराने परत दिला. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना ठाऊक असते, पण माघ-फाल्गुनातला लेख असेल तर ७९ मिळवावे लागतात हे विसरले जाते, आणि बापाच्या मृत्यूआधीच मुलगा त्याच्या अस्थी घेऊन आल्याचा चमत्कार घडतो. सरकारी कागद याच वर्षाला वेगळे नाव देतो: सुहूर सन इहिदे अशरीन मयातैन व अलफ, म्हणजे १२२१, किंवा फसली १२३०. सुहूरात ५९९ आणि फसलीत ५९० मिळवले की पुन्हा १८२० येते. ही दोन्ही साले मृगाच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांसाठी त्यांतही एक वाढवावा लागतो. गुजराती आणि मारवाडी यजमानांचे लेख विक्रम संवतात असल्यास हिशेब आणखी निराळा.

कुटुंबाच्या भेटी काळात सारख्या पसरलेल्या नसतात. त्या मृत्यूंभोवती गोळा होतात आणि सिंहस्थाभोवती. दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की ही पर्वणी येते, आणि एरवी न येणारी घरेही त्या वर्षी निघतात. एखाद्या घराण्याचा धागा तुटलेला वाटला तर आधी सिंहस्थाच्या वर्षांची पाने चाळावीत.

जोडकामातला सर्वांत मोठा खड्डा नावांच्या पुनरावृत्तीचा. गेलेल्या आजोबाचे नाव नातवाला ठेवायची रीत घराघरांत होती. त्यामुळे खंडोजी बिन गणोजी, त्याचा मुलगा गणोजी बिन खंडोजी, त्याचा पुन्हा खंडोजी बिन गणोजी अशी साखळी होते. दोन खंडोजी एक समजले की दोन पिढ्या गिळल्या जातात आणि कुणालाच पत्ता लागत नाही, कारण वंशावळ दिसायला बिनचूकच दिसते. यावर उपाय भावांच्या आणि बायकांच्या नावांचा. बाप-लेकांची नावे फिरून फिरून येतात. तीन भावांची नावे आणि त्यांच्या बायकांची नावे सगळीच्या सगळी तशीच पुन्हा येणे अशक्यप्राय. स्त्रियांची नावे नामावळीत कमी आहेत, विधीपुरती आहेत, लेकी तर लग्नानंतर गायबच होतात; तरीही ओळख पटवण्याचे काम शेवटी त्याच थोड्या नावांवर येऊन ठेपते.

गोत्राबद्दलही सावध असावे. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणावे, अशी जुनी सोय आहे. तेव्हा दोन घराण्यांच्या लेखांत ‘काश्यप’ दिसले म्हणून ती एका मुळाची ठरत नाहीत. दत्तकाचेही तसेच. लेखात तो दत्तक बापाचाच मुलगा असतो, जन्मदात्याचे नाव नसते. सख्ख्या भावांच्या यादीतून एक नाव एकाएकी नाहीसे होऊन चुलत्याच्या घरी उगवले तर दत्तकाचा संशय घ्यावा आणि महसुली कागद काढावा.

महसुली कागद म्हणजे पडताळ्याचा दगड. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंद सुरू झाली आणि तेव्हापासून खातेदार मेला की वारसांची नावे फेरफाराला लागली. तलाठ्याकडचा गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार, आणि ‘सहा क’, म्हणजे वारस नोंदवही, यांत लेकी आणि विधवा पुष्कळदा असतात, कारण जमिनीचा प्रश्न आला की त्यांना वगळणे अवघड. जन्म-मृत्यूची गाव नमुना चौदाची वही, जिला खेड्यात कोतवाल बुक म्हणतात, ती नामावळीची नेमकी उणीव भरून काढते: वर्षाचे होण्याआधी गेलेले मूल तिथे भेटते. शाळेचे जनरल रजिस्टर उपयोगी खरे, पण त्यातल्या जन्मतारखेवर विसंबू नये. एक जूनला जन्मलेल्यांची महाराष्ट्रातली गर्दी ही गुरुजींची कृपा आहे.

सगळ्यांचा माग तीर्थावर लागत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह नाशिकच्याच पंचवटीत सुरू झाला, तो ज्यांना देवळाचे दार बंद होते त्यांच्यासाठी. अशा घराण्यांना उपाध्यायांच्या चोपड्यांचा आधार क्वचितच. त्यांचा शोध महार वतनाच्या नोंदी, पलटणींचे कागद आणि कोतवाल बुक यांतून जातो. कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने संपवली गेली, पण वतनदारांची नावे महसुली दप्तरात राहिली. काही समाजांत वंशावळ सांभाळणाराच दारी येतो. खानदेशाकडे भाट येतात. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागांत हेळवी येतात, घराण्याची पिढी-पिढी वाचून दाखवतात, नवी नावे टिपून घेतात आणि धान्य-पैसा घेऊन पुढच्या गावी जातात. घरी जाऊन लिहिणाऱ्याला सारे घर दिसते, घाटावर बसणाऱ्याला फक्त आलेला माणूस. पण घाटावरचा लेख निदान तारीखवार असतो.

हा शोध आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. जात पडताळणीत इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि कागदावरचा पूर्वज आपलाच हे दाखवायला वंशावळ जोडावी लागते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. पुराव्याच्या दृष्टीने जुन्या लेखाचे बळ एकाच गोष्टीत असते: तो वाद उपटण्याच्या आधी लिहिलेला असतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये नात्याविषयीच्या अशाच विधानांना जागा होती. उलट, गरज पडल्यावर नव्या शाईने भरलेले पान जाणत्याच्या नजरेतून सुटत नाही.

देश सोडून गेलेल्यांची गोष्ट वेगळी वळणे घेते. इटलीतून अमेरिकेत गेलेल्यांचे वंशज गावच्या चर्चच्या आणि नगरपालिकेच्या वह्या धुंडाळतात. तिथे चर्चने आणि पुढे सरकारने जन्मलेल्या प्रत्येकाला नोंदवले होते. मराठी माणसाचा त्याला समांतर प्रवास मॉरिशसचा. १८३४ पासून १९१० पर्यंत गिरमिटावर गेलेल्या मजुरांत कोकणातले आणि देशावरचे मराठी लोक होते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या नोंदवह्या आहेत. प्रत्येकाला एक क्रमांक, नाव, वय, जहाज, आणि नशीब असेल तर जिल्हा व गाव. कारकुनाने गावाचे नाव कानाला पडले तसे साहेबी अक्षरांत लिहिलेले असते, आणि पणजोबाचे पाळण्यातले नाव तिकडे आडनाव होऊन बसलेले असते. अशा वंशजाने गावाचा अंदाज बांधून इकडे यावे तेव्हा गेलेल्या माणसाचा स्वतःचा लेख शोधू नये. तो बहुधा नसतोच. मागे राहिलेल्या भावाचा शोधावा. लेख लिहिताना भावांची नावे सांगायची पद्धत होती, आणि बेपत्ता झालेला भाऊ एक-दोन भेटींपर्यंत त्या यादीत टिकून राही.

आज लेख देवनागरीत आणि बॉलपेनने होतात, काही उपाध्ये संगणकावर नावे चढवतात आणि मोबाइल नंबरही घेतात. स्वतःचा लेख देणाऱ्याने घाई करू नये. नाव-बाप-आडनाव पूर्ण लिहावे, घरगुती टोपणनाव कंसात द्यावे, राहते गाव आणि मूळ गाव तालुक्यासह वेगवेगळे लिहावे, तिथीबरोबर इंग्रजी तारीख घालावी. लेकी-सुनांची नावे माहेर-सासरसह सांगावीत, परदेशी असलेल्यांचे शहर लिहावे, आणि मागचा लेख कुणाचा व कोणत्या शकातला होता त्याचा हवाला शेवटच्या ओळीत द्यावा.