पाठांतर नसलेली मुलं

बीबीसीने ‘आउटनंबर्ड’ पहिल्यांदा दाखवली ती २००७ च्या ऑगस्टअखेर, रात्री दहाच्या बातम्या संपल्यावर. तीन मुलं, त्यांचे दमलेले आईबाप आणि लंडनमधलं त्यांचं पसाऱ्याचं घर, एवढ्या भांडवलावर उभी केलेली ही विनोदी मालिका. वेळ मात्र अशी दिली की ज्यांच्या घरात तशी मुलं आहेत, ते आईबाप तोवर आडवे झालेले असणार. आठवड्याला एक भाग ही रीतही पाळली नाही. लागोपाठच्या रात्री भाग लावून दोन आठवड्यांत सहाच्या सहा संपवले. वाहिनीला स्वतःच्या मालाचा भरवसा नसला की असं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

आम्ही तेव्हा लंडनमध्ये हॅरोला राहत होतो. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी चार. शाळा उघडायला आठवडाभर राहिलेला, गणपती तोंडावर आलेले. मुलं झोपल्यावर कपड्यांच्या घड्या घालत, आवाज अगदी बारीक करून मी टीव्ही लावायची. पहिल्याच भागात सकाळी मुलांना शाळेत पोचवायची धांदल होती. आईने एक प्रश्न विचारला की धाकटी त्यावर तीन विचारते, मधला भलतीच थाप मारतो, थोरला कपाळाला हात लावतो आणि घड्याळ काही कुणासाठी थांबत नाही. हे सगळं आमच्या घरात शाळेच्या दिवसांत रोज सकाळी घडायचं, फक्त मराठीत. मी नवऱ्याला हाक मारली, “अरे, हे बघ, आपल्याकडे कुणीतरी कॅमेरा लावून गेलंय!”

तेव्हा बीबीसीचा आयप्लेअर यायचा होता, तो त्या वर्षीच्या नाताळात आला. त्यामुळे चुकलेला भाग चुकलाच. म्हणूनच दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांना मोल होतं. तिथे आदल्या रात्रीच्या टीव्हीवर रोज सकाळी स्तंभ छापून यायचा आणि लोक तो ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, वाचत कामाला जायचे. त्या स्तंभांनी ही मालिका उचलून धरली. आडवेळेला लावलेला कार्यक्रम समीक्षकांनी लोकांच्या नजरेस आणला, असं फार वेळा होत नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की टीव्हीवर इतकी खरी मुलं आजवर दिसली नव्हती. बीबीसीवरच त्या सुमाराला ‘माय फॅमिली’ जोरात चालू होती. रॉबर्ट लिंडसे आणि झोई वॉनमेकर यांची, प्रेक्षकांच्या हशावर चालणारी, प्रत्येक वाक्यागणिक टाळी मागणारी. तिच्या शेजारी ही नवी मालिका ठेवली की फरक उघड दिसायचा. इथे ध्वनिमुद्रित हशा नव्हता. हसायचं कुठे, हे आपलं आपण ठरवायचं.

मालिका लिहिली, निर्माण केली आणि दिग्दर्शित केली ती अँडी हॅमिल्टन आणि गाय जेन्किन या जोडीने. नव्वदच्या दशकात न्यूजरूमवरची ‘ड्रॉप द डेड डाँकी’ गाजली होती, तीही यांचीच. दोघे मुरलेले लेखक, संहितेवर हुकमत असलेले. आणि त्यांनीच ठरवलं की मुलांच्या हातात संहिता द्यायची नाही. मोठ्या नटांचे संवाद पक्के, प्रसंगाचा आराखडा पक्का. मुलांना मात्र चित्रण सुरू होण्याच्या जरा आधी जवळ घेऊन सांगायचं, तुला आता बाबांकडून हे काढून घ्यायचंय, किंवा आईला हे कळू द्यायचं नाहीये. पुढे ती काय बोलतील ते बोलतील.

मी लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला नाटकात असायचे. आमच्या बाई आम्हाला वाक्यं अशी घोटून घ्यायच्या की झोपेतही म्हणून दाखवू. त्या बाईंचं ऋण आहेच. पण पाठ केलेल्या मुलाच्या आवाजात एक सूर येतो, वाक्य संपायच्या आधीच पुढच्या वाक्याची घाई दिसते. आपल्याकडच्या मालिकांतली मुलं तर अनेकदा लेखकाचेच विनोद बोलतात, तिशीतल्या माणसाला सुचलेले, सात वर्षांच्या तोंडी घातलेले. त्याला आपण कौतुकाने ‘चुणचुणीत’ म्हणतो. ‘आउटनंबर्ड’मधली धाकटी, कॅरन, कधीच चुणचुणीत वाटली नाही. ती फक्त विचार करताना दिसायची, आणि चार-पाच वर्षांचं मूल विचार करत असताना काय होतं, हे कुठल्या लेखकाला लिहिता येईल?

एक प्रसंग मला पुन्हा पुन्हा आठवतो. दुसऱ्या पर्वातला. घरात उंदीर मरतो आणि मुलं बागेत त्याचं रीतसर दफन करतात. मंत्र म्हणायचं काम कॅरनकडे. ती गंभीरपणे सुरू करते. माती मातीला मिळो वगैरे जे चर्चमध्ये कानावर पडलेलं असतं ते येतं, त्याला लग्नातल्या शपथा जोडल्या जातात, मग ‘स्टार वॉर्स’मधला आशीर्वाद, शेवटी सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीतली ओळ, आणि आमेन. तिच्या लेखी हे सगळं एकाच पावित्र्याचं. माणसं गंभीर चेहऱ्याने मोठमोठं बोलतात तेव्हा जे म्हटलं जातं, ते ती त्या उंदरासाठी मनापासून गोळा करून आणते. आमच्या घरी मुलीने गणपतीच्या आरतीच्या शेवटी प्रतिज्ञा म्हटली होती, “भारत माझा देश आहे”पासून, हात जोडून. आम्ही हसलो नाही, आणि बरं झालं हसलो नाही.

त्याच पर्वात एका लग्नाला गेलेली मुलं पाद्रीबुवांना गाठतात. येशूवर ध्रुवीय अस्वल चाल करून आलं असतं तर त्याने काय केलं असतं, या प्रश्नावर त्या सज्जन माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. प्रश्न खोडसाळ नाही. मुलांना उत्तर खरंच हवं आहे, म्हणून ते इतकं अवघड.

हे दुसरं पर्व २००८ च्या नोव्हेंबरात शनिवारी रात्री, माणसं जागी असतात अशा वेळी आलं. पुढच्या वर्षी बाफ्ताच्या नामांकनांत मालिकेचं नाव लागलं, आणि २००९ च्या ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्समध्ये ती सर्वोत्कृष्ट सिटकॉम ठरली. कॅरन झालेल्या रमोना मार्केझला नवोदित विनोदी अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं, तेव्हा ती आठ वर्षांची होती. बेन झालेला डॅनियल रोश आणि थोरला जेक, म्हणजे टायगर ड्रू-हनी, यांनाही समीक्षकांनी भरभरून दिलं. मुलांचं कौतुक झालं ते योग्यच झालं.

माझी तक्रार वेगळी आहे. बहुतेक परीक्षणांत आईबापांच्या वाट्याला एखादं वाक्य यायचं. पीट झालेला ह्यू डेनिस आणि सू झालेली क्लेअर स्किनर यांचं काम मला तेव्हापासून जास्त अवघड वाटत आलं आहे. मूल काहीही बोलणार, त्याला अडवायचं नाही, त्यावर हसून टेक वाया घालवायचा नाही, आणि तरीही प्रसंग ठरलेल्या जागी आणून सोडायचा. आपल्या रंगभूमीवर समोरच्याने पदरचं वाक्य टाकलं की कसलेला नट ते झेलतो आणि नाटक पुढे नेतो. त्याला ‘ॲडिशन’ सांभाळणं म्हणतात. या दोघांनी पाच पर्वं तेच केलं, आणि समोर होतं लहान मूल. स्किनरचा चेहरा पाहावा. मुलीच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे तिला त्या क्षणी खरोखरच ठाऊक नाही. ती ऐकते आहे. टीव्हीवर नट आपली पाळी येईपर्यंत थांबलेले पुष्कळ दिसतात, ऐकणारे फार थोडे. मालिकेचा खरेपणा या ऐकण्यात होता असं माझं मत आहे, आणि ते कुणी छापलेलं मला तेव्हा दिसलं नाही.

आमच्या मराठी मंडळींत मतं दुभंगलेली होती. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, तिथे तीन पिढ्या एका छपराखाली भेटतात. दिवाळीच्या फराळाला एक काकू म्हणाल्या, “अगं, त्या पोरांना कुणी एक धपाटा कसा घालत नाही? आईबाप की नोकर?” मी म्हटलं, “काकू, ती आई हरतेय ते तिला कळतंय, म्हणून तर बघवतं.” काकूंना पटलं नाही. पण आजोबांचे प्रसंग त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितले. सूचे वडील फ्रँक स्मृतिभ्रंशाकडे चाललेले, डेव्हिड रायल यांनी केलेले. विनोदी मालिकेत असलं दुखणं आणायचं आणि त्याची कीवही करायची नाही, चेष्टाही नाही, हे या लेखकांना साधलं. रायल २०१४ च्या नाताळात गेले.

मुलं वाढली. तिसरं पर्व २०१० चं, चौथं २०११ चं, पाचवं २०१४ चं. शेवटच्या पर्वापर्यंत परीक्षणांचा सूर बदलला होता. मुलं मोठी झाली, आता ती अभिनय करतात, पूर्वीची जादू राहिली नाही. हे खरं होतं. तेरा वर्षांच्या मुलीला आपल्याकडे कोण पाहतंय हे कळतं, तिला कुणी कानात सांगितलं तरी ती पाच वर्षांची होत नाही. पण समीक्षकांनी त्याला घसरण म्हटलं, तिथे मी त्यांच्याबरोबर नाही. माझा मुलगाही त्याच वर्षांत दार लावून घ्यायला लागला होता. ब्रॉकमनांच्या, म्हणजे मालिकेतल्या कुटुंबाच्या, घरातली ती नवी शांतता, एकेका शब्दाची उत्तरं, मला पहिल्या पर्वाइतकीच ओळखीची वाटली. अमेरिकेत या मालिकेची आवृत्ती काढायचा प्रयत्न झाला तो पायलटच्या पुढे गेला नाही, याचं मला नवल वाटत नाही. आराखडा विकत घेता येतो, ती तीन मुलं नाही.

२०१६ च्या नाताळातल्या खास भागानंतर आठ वर्षांनी, २०२४ च्या नाताळात आणखी एक खास भाग आला. पाचही जण परत आले, मुलं आता विशीतली. तोवर आम्ही पुण्यात परत आलो होतो. मुलगी तिकडेच शिकते. तिने फोन करून सांगितलं, “आई, तुझी ती मालिका परत आलीये.” तुझी, म्हणाली.

ज्यांना जमेल त्यांनी पहिल्या पर्वाचे सहा भाग जरूर पाहावेत. निवडक विनोदी तुकडे पाहून समाधान मानू नये, कारण तुकड्यांत मुलांचं बोलणं उरतं आणि आईबापांचं ऐकणं कापलं जातं. भाग अर्ध्या अर्ध्या तासाचे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी सगळे होतील, आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही शेजारी बसवा.