ईएलसीबी का पडतो?
रमजानचा शेवटचा आठवडा. ईदसाठी चादरी मशीनमध्ये टाकल्या की घरभर अंधार! एकदा तर ऐन इफ्तारला. कारागीर म्हणाला, "ईएलसीबीच काढून टाकू." अब्बांनी साफ नकार दिला.

गार पाण्यावर मशीन चालतं, गरम लावलं की वीज जाते, हे आम्हाला उशिराच सुचलं. प्लग काढला, हीटरच्या तारा सोडवल्या, मल्टिमीटर लावला. दोन टोकांत 27 ओहम, म्हणजे हीटर तुटलेला नव्हता. पण टोक आणि हीटरचं धातूचं आवरण यांतही आकडा आला, तो यायलाच नको. करंट तिथून अर्थिंगला गळत होता. 30 मिलिअँपिअरवाला ईएलसीबी पडणारच. तोच काढला असता तर?

नवा हीटर चांदरातीला बसला. चादरी तोवर अम्मीने हातानेच धुतल्या होत्या.