चांदीचं फुलपात्र

इंग्लंडात राहणारा माझा भाचा परवा भोकरदनला येऊन गेला. तिकडच्या जुन्या बाजारात घेतलेला चांदीचा मग त्यानं मुद्दाम दाखवायला आणला होता. त्यावर बारीक शिक्के होते. चालता सिंह म्हणजे चांदी ९२.५ टक्के, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनला तपासलेली, आणि एका अक्षरावरून साल ओळखायचं. "मामा, तिकडे लोक नादानं जमवतात हे," तो म्हणाला.

मग मीही माझं कपाट उघडलं. पुण्यात दिनकर केळकरांचा संग्रह पाहिल्यापासून मलाही हा नाद आहे. माझ्याकडे सत्तेचाळीस फुलपात्रं आणि गडू आहेत, सगळे पितळी नाहीतर तांब्याचे, मोडीच्या दुकानातून वजनावर घेतलेले. शिक्के नाहीत, पण ठोकून घातलेली नावं आहेत. कुणाच्या लग्नातला आहेर, कुणाच्या वास्तुशांतीची भेट.

"चांदीचं एकही नाही?" भाच्यानं विचारलं.

होतं. माझ्या बारशाला आजोळहून आलेलं, माझं नाव घातलेलं. १९७२ च्या दुष्काळात मी बी.ए.ला होतो आणि फी भरायची होती. आईनं ते फुलपात्र सराफाकडे नेऊन मोडलं. मी हळहळलो तर म्हणाली, "माणसं राहिली तर भांडी होतील." भांडी झाली. आई राहिली नाही.

चांदी अशीच जाते. अडचण आली की पहिली तीच वितळते. इंग्लंडातही १६४२ ला यादवी युद्ध पेटल्यावर ऑक्सफर्डच्या कॉलेजांतली चांदीची भांडी राजानं नाणी पाडायला नेली. उलट खापराला मोडीत कोण विचारतो? म्हणून १९७३ साली आमच्या गावी उत्खनन झालं, तेव्हा सातवाहनांच्या काळातली खापरं निघाली. वाचलेली वस्तू पाहिली की मला आता न वाचलेल्या आठवतात.

असो. पुढच्या महिन्यात पणतीचं बारसं आहे. तिच्यासाठी चांदीचं फुलपात्र करायला टाकलंय. नाव ठरलं की घालून घेऊ. नातीला मात्र आत्ताच सांगून ठेवलंय : हिच्या शिक्षणाला कधी कमी पडलं, तर आजोबांची आठवण म्हणून हे धरून बसू नकोस. खुशाल मोड.