निवांत बसा, आबा

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीकडची जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर ऊस तोडायला निघतात. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि दावणीची शेरडं. हंगाम संपेपर्यंत घर म्हाताऱ्यांच्याच जिवावर. तेव्हा त्यांना ‘निवांत बसा’ म्हणायला कुणी नसतं. पोरं परतली की म्हणतात.

*

‘लय केलं आयुष्यभर, आता बसा.’ बोलणं मायेचंच. पण खुर्ची ओसरीत पडली, तांब्या हातात मिळू लागला, की रानात जाणं थांबतं आणि त्याबरोबर बांधावरच्या गप्पा व बाजारचा हिशेबही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची १४ कारणं मांडली, ज्यांवर काही इलाज करता येतो. हालचाल नसणं त्यात आहे. एकटेपण, बहिरेपण, अधू नजर, रक्तदाब आणि मधुमेहही आहेत. आपल्या ओसरीवर यातली चार-पाच एकत्रच नांदतात.

*

अमेरिकेतला २०११ चा प्रयोग. १२० वयस्कर माणसं, वर्षभर. निम्म्यांनी आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं झपझप चालायचं, निम्म्यांनी नुसतं अंग ताणायचं. चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी बसवणारा भाग, सुमारे २ टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या गटाचा थोडा आकसला. वय तेच, फरक पायांचा.

*

मग ऊसतोड्याचं डोकं सर्वांत तल्लख राहायला हवं? तसं नाही. पहाटेपासून वाकून तोड, डोक्यावर मोळी, शिडीवरून ट्रकमध्ये भरणी, वर अपुरी झोप. याला व्यायाम म्हणत नाहीत, ही झीज. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढे आलेले आकडे: बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही अंडाशय काढले तर पुढे बुद्धी मंदावण्याचा धोका वाढतो, असं अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अभ्यासात २००७ मध्ये दिसलं. पिशवीबरोबर अंडाशयही गेले का, हे प्रत्येकीच्या कागदावर पाहायला हवं. म्हातारपणाचा हिशेब पस्तिशीतच सुरू होतो तो असा.

*

चालीकडे लक्ष ठेवावं. चालता चालता कुणी बोलायला लावलं की जी म्हातारी माणसं थबकतात, ती पुढे पडण्याची शक्यता जास्त, असं स्वीडनमध्ये १९९७ साली आढळलं. चालणं आणि बोलणं एकाच वेळी सांभाळायला मेंदूला जोर लागतो. चाल मंदावली आणि विसराळूपणाची तक्रारही सुरू झाली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये.

*

मुक्ताईची पालखी बीडवरून जाते, शेगावची परळी-अंबाजोगाईवरून. दिंडीत टाळ हातात, अभंग तोंडपाठ, पाय पावलीच्या ठेक्यात, शेजारी ओळखीची माणसं. स्मरण, तोल, दम आणि सोबत एकाच वेळी. डॉक्टरांना असा कार्यक्रम आखायला बैठका घ्याव्या लागतील.

*

विसराळूपणा तपासताना दवाखान्यात आजीला ‘आज तारीख किती?’ विचारणं अन्यायाचं. तिला अमावस्या ठाऊक असते. निरक्षरांसाठी वेगळी चाचणी हरियाणातल्या बल्लभगडला तयार झाली, ती याच कारणाने.

*

एक कडू गोष्ट. आजार जडल्यावर व्यायाम त्याला रोखत नाही. इंग्लंडमधल्या २०१८ च्या चाचणीत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची ताकद व्यायामाने वाढली, बुद्धीची घसरण मात्र थांबली नाही. म्हणून जे करायचं ते आधी.

*

करायचं काय? रक्तदाब, साखर, कान, डोळे तपासून घ्यावेत. गुडघे कुरकुरत असतील तर सपाट वाटेवर चालावं. तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीनदा. दळणाला आबांनाच पाठवा. पीठ नातू उचलेल, पैसे आबांनी मोजायचे.